तिठ्यावरचा शिपाई

युद्धाच्या ज्या कथा आपण ऐकतो त्या बहुधा दोनच प्रकारच्या असतात. एक शौर्याच्या आणि दुसऱ्या शोकाच्या. कोणी शत्रूवर तुटून पडतो, किंवा कोणाच्या तरी घरी तार येते. या दोहोंच्या मध्ये सैन्यात एक माणूस असा असतो की ज्याची पाठ शत्रूकडे आणि तोंड आपल्याच सैन्याकडे असते. तो सहसा गोळी झाडत नाही. रस्त्याच्या तिठ्यावर धुळीत उभा राहून तो हात वर करतो किंवा खाली घेतो, आणि त्या हाताच्या इशाऱ्यावर तोफा, दारूगोळा, शिधा आणि जखमी माणसे यांची ये-जा चालते. त्याला लष्करी पोलीस म्हणतात.

माझे थोरले मामा या खात्यात होते. १९७१ च्या युद्धात ते नायकाच्या हुद्द्यावर होते आणि जेसोर-खुलना आघाडीवर एका डिव्हिजनच्या लष्करी पोलिसांबरोबर गेले होते. युद्ध संपवून ते वसईतल्या आमच्या गावी आले तेव्हा लोकांनी त्यांचे कौतुक केले खरे. पण रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात माणसे त्यांच्याभोवती जमत आणि बरोबरीचे कोणी तरी विचारी, "किती मारलेस?" मामा सरळ उत्तर देत, "एकही नाही. मी गाड्या सोडत होतो." त्यावर हशा पिकत असे. पुढे कित्येक वर्षे गावात त्यांना 'ट्रॅफिकवाले' हेच नाव पडले होते. मामांनी त्याचे कधी वाईट वाटून घेतले नाही, निदान तसे दाखवले नाही. माझ्या आईला मात्र ते फार लागे. "माझा भाऊ काय नुसती शिट्टी फुंकायला गेला होता?" असे ती आम्हा मुलांनाच विचारीत असे.

या प्रश्नाचे उत्तर मला मामांच्या उतारवयात मिळाले. संध्याकाळी केळींना पाणी सोडून ते विहिरीच्या कठड्यावर बसत आणि कधी मनात आले तर बोलत. सलग असे त्यांनी कधीच सांगितले नाही. एखाद्या दिवशी एखादा पूल, एखाद्या दिवशी एखादा माणूस, असे तुकडे हाती येत. ते आता नाहीत. हे तुकडे एकत्र मांडून ठेवावेत असे वाटले म्हणून हा लेखनप्रपंच.

भारतीय सैन्यातील लष्करी पोलिसांचा आरंभ दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचा, १९३९ सालचा. लाल टोपी आणि पांढरा पट्टा ही त्यांची खूण, आणि 'सेवा तथा सहायता' हे त्यांचे ब्रीद. शांततेच्या काळात छावणीतील शिस्त राखणे आणि जवानांच्या हातून घडलेल्या गुन्ह्यांचा तपास करणे ही त्यांची कामे. मोटारसायकलींवर कसरती करणारे 'श्वेत अश्व' हे प्रसिद्ध पथक त्यांचेच. युद्ध सुरू झाले की मात्र त्यांच्या कामाचे स्वरूप पालटते. सैन्याच्या हालचालीसाठी वाटा मोकळ्या ठेवणे, वाटेवर खुणांच्या पाट्या लावणे, चुकलेल्या जवानांना त्यांच्या पलटणीकडे पोहोचवणे, निर्वासितांना रस्त्याच्या कडेने सुरक्षित नेणे, लूटमार होऊ न देणे आणि युद्धकैद्यांना सांभाळणे, एवढा पसारा मूठभर माणसांच्या अंगावर येतो.

मामांचे पथक म्हणजे एक हवालदार आणि सात-आठ जवान. त्यांच्याजवळ एक जीप, दोन बुलेट मोटारसायकली, एक तंबू, रेषा जुळेल तेव्हा बोलणारा एक टेलिफोन, आणि रंगाचे डबे व लाकडी पाट्या एवढे सामान. १९७१ च्या पावसाळ्यानंतर ते बनगावजवळ जेसोर रस्त्यावर तळ देऊन होते. दोन्ही बाजूंना शिरिषाची जुनी, अवाढव्य झाडे असलेला तो रस्ता. दोघे चौकीवर, दोघे झोपेत, एक स्वयंपाकाला, एक मोटारसायकलवरून फेरीला आणि उरलेले पाट्या रंगवण्यात, अशी दिवसाची वाटणी असे. चार तासांनी पाळी बदले. म्हणजे बदलावी असा नियम होता. प्रत्यक्षात ज्याची पाळी संपली तो पुष्कळदा तिथेच झाडाला टेकून झोपी जाई, कारण तंबूपर्यंत चालत जाण्याचे त्राण त्याच्यात उरलेले नसे.

त्या रस्त्यावर त्या दिवसांत दोन प्रवाह होते. सैन्याच्या गाड्या सरहद्दीच्या दिशेने जात होत्या आणि सरहद्दीपलीकडून माणसे येत होती. पूर्व पाकिस्तानातून त्या वर्षी सुमारे एक कोटी लोक भारतात आले. हा आकडा आपण वाचतो आणि पुढे जातो. मामांनी तो पायांच्या रूपाने पाहिला होता. "चेहरे आठवत नाहीत," ते म्हणत, "पाय आठवतात. चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेले पाय." डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल, कोणी म्हाताऱ्या आईला टोपलीत बसवून बांबूला लटकावून आणलेले. आणि त्याच अरुंद रस्त्यावरून रणगाड्यांना, तोफांना वाट करून द्यायची. हुकूम साधा होता, रस्ता मोकळा ठेवा. पण तो पाळायचा कसा, हे हुकमात लिहिलेले नव्हते. पथकाच्या हवालदाराने पहिल्याच दिवशी सर्वांच्या हातातल्या काठ्या काढून जीपमध्ये ठेवल्या आणि सांगितले की, यांना हात जोडून बाजूला करायचे. मामा आणि त्यांचे सोबती दिवसभर हात जोडत आणि रात्री हात वर करून गाड्या थांबवीत.

३ डिसेंबरला युद्धाला तोंड फुटले आणि पथक सैन्याच्या पाठोपाठ पलीकडे गेले. बंगालची जमीन म्हणजे नद्या, खाड्या, भातशेते आणि दलदल. रस्ता सोडून गाडी बाजूला घेतली तर ती आसापर्यंत रुतते. त्यामुळे सगळा भार एका रस्त्यावर. त्यातून माघार घेणाऱ्या शत्रूने पूल उडवलेले. इंजिनियर दलाचे जवान रात्रीतून नवा पूल उभा करीत आणि त्याच्या तोंडाशी लष्करी पोलिसाला उभे करून पुढे जात. पुलाजवळ पिवळ्या गोल पाटीवर काळ्या रंगात एक आकडा लिहिलेला असे. पूल किती भार सोसेल त्याचा तो आकडा. प्रत्येक गाडीवर तिचा स्वतःचा आकडा असतो. तो पाटीवरच्या आकड्यापेक्षा मोठा असला की ती गाडी थांबवायची. चालक ओरडो, अधिकारी ओरडो, थांबवायची. कारण एक गाडी पुलासकट खाली गेली तर मागचे अख्खे ब्रिगेड तिथे अडकते आणि पुढची पलटण गोळ्यांवाचून राहते.

रात्री दिवे लावायला बंदी. गाड्यांच्या पुढच्या दिव्यांवर टोपडी चढवलेली आणि मागच्या आसावर पांढऱ्या रंगाचा पट्टा व त्यावर पणतीएवढा उजेड. मागच्या चालकाने फक्त त्या पांढऱ्या ठिपक्याकडे पाहत यायचे. तिठ्यावर मामा रंगीत काच लावलेली विजेरी घेऊन उभे राहत. कोणत्या ताफ्याने किती वाजता कोणता टप्पा ओलांडायचा याचा तक्ता खिशात असे, आणि गाड्या मोजून वहीत लिहायच्या असत. पुढे जाताना दारूगोळ्याला पहिला मान, मागे येताना रुग्णवाहिकेला. धुळीने डोळे सुजत. जेवण म्हणजे उभ्याउभ्या खाल्लेले शक्करपारे आणि थंड झालेला चहा.

अशाच एका रात्री पलीकडून रुग्णवाहिका येत होत्या म्हणून मामांनी या बाजूचा ताफा रोखून धरला होता. रांग मोडून एक जीप पुढे आली. आत एक वरिष्ठ अधिकारी होते. त्यांनी वाट सोडायला फर्मावले. मामांनी सलाम केला आणि हात वरच ठेवला. अधिकाऱ्यांनी आवाज चढवला. मामा म्हणाले, "साहेब, हा हात माझा नाही, जनरलसाहेबांचा आहे. मी नुसता वर धरला आहे." लष्करातला संकेतच तसा आहे. चौकीवर उभा असलेला पोलीस सेनापतीच्या अधिकाराने उभा असतो, मग त्याच्या बाहीवर दोन फिती असोत वा तीन. जीप थांबली. सहा रुग्णवाहिका एकामागून एक निघून गेल्या. नंतर जीप सुटली तेव्हा त्या अधिकाऱ्यांनी जाता जाता मामांचा सलाम परत केला, एवढेच. मामांना त्या रात्रीचा अभिमान होता. पण साहेबांना अडवल्याचा नव्हे. "सहा गाड्या होत्या," एवढेच ते पुन्हा सांगत.

चुकलेल्या जवानांची चौकी हे आणखी एक काम. लढाईच्या धुमाळीत कोणी पलटणीपासून सुटतो, कोणी स्फोटाने बधिर होऊन उलट्या दिशेने चालू लागतो. कोणी घाबरून मागे येतो हेही खरे. असा माणूस चौकीशी आला म्हणजे त्याची पलटण, त्याचा नंबर आणि शस्त्र कुठे आहे ते विचारायचे असा शिरस्ता होता. मामा हे सारे विचारीत, परंतु आधी विचारीत, "जेवलास का?" त्यांचे म्हणणे असे की, पोटात चहा गेला की दहांतले नऊ जण आपण होऊन पलटणीची वाट विचारतात. पळपुटा आणि चुकलेला यांतला फरक पुष्कळदा एका पेल्याचा असतो.

७ डिसेंबरला जेसोर हाती आले. खुलन्याच्या वाटेवर मात्र अखेरपर्यंत झुंज चालली. १६ डिसेंबरला ढाक्याला शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या आणि खुलन्याच्या फौजेने दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला शस्त्रे खाली ठेवली. इतरांचे युद्ध तिथे संपले. लष्करी पोलिसांचे सर्वांत अवघड काम तिथून सुरू झाले. पूर्वेकडे मिळून सुमारे त्र्याण्णव हजार माणसे भारताच्या ताब्यात आली. त्यांत सैनिकांबरोबर निमलष्करी दलांचे लोक आणि नागरिकही होते. प्रत्येकाची झडती घ्यायची, अधिकारी आणि जवान वेगळे करायचे, यादी करायची. १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे कैद्याने आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि नंबर एवढेच सांगणे बंधनकारक असते. त्याच्याजवळच्या वैयक्तिक वस्तू त्याच्याकडेच राहू द्याव्या लागतात. पैसे घ्यायचे तर अधिकाऱ्याच्या हुकमाने आणि पावती देऊन. आणि त्याच करारात असेही म्हटले आहे की कैद्याला मारहाणीपासून, अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासूनही जपले पाहिजे.

कागदावर हे वाचणे सोपे. त्या डिसेंबरात त्या रस्त्यावर ते पाळणे फार कठीण होते. नऊ महिने ज्या लोकांनी गावे जळताना आणि माणसे मरताना पाहिली होती तेच लोक आता रस्त्याच्या दुतर्फा उभे होते, आणि मधून कैद्यांची रांग चालली होती. ढाक्यात तर लोकांच्या संतापापासून बचाव व्हावा म्हणून शरण आलेल्या सैनिकांकडे काही दिवस त्यांची शस्त्रेही राहू दिली गेली होती. मामांच्या रांगेला दोन्ही बाजूंनी मिळून आठ माणसे. दगड येऊ लागले. एक दगड मामांच्या खांद्याला लागला.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. त्याच्या हातात काही नव्हते. तो बंगालीत बोलत होता. जवळच्या एका विद्यार्थ्याने मोडक्यातोडक्या हिंदीत त्याचे म्हणणे सांगितले. त्याच्या दोन मुलांना घरातून ओढून नेले होते आणि ते परत आले नव्हते. त्याला फक्त एक माणूस हवा होता. कोणताही एक. रांगेतला एक माणूस माझ्या हवाली करा, म्हणजे मी घरी जातो, असे तो म्हणत होता.

"तुम्ही काय सांगितलेत त्याला?" मी विचारले.

"काय सांगणार? मी त्याच्यासमोर उभा राहिलो."

"रागावला नाही तो?"

"त्याने माझ्या छातीवर दोन्ही मुठी आपटल्या. मग तिथेच धुळीत बसला. रांग पुढे गेली तेव्हा मी त्याला माझी पाण्याची बाटली दिली. त्याने घेतली नाही." थोडा वेळ गप्प राहून मामा म्हणाले, "त्याचे बरोबर होते रे. आणि मी हललो नाही, तेही बरोबर होते."

खुलन्याहून परतणाऱ्या आपल्याच गाड्या तपासण्याचे कामही त्याच पथकाकडे होते. एका ट्रकमध्ये ताडपत्रीखाली शिलाईचे यंत्र निघाले. चालक सातारा जिल्ह्यातला, मराठी बोलणारा. महिनाभर दारूगोळा वाहून नेलेला धाडसी मुलगा. पडक्या घरात बेवारशी पडले होते, बहिणीच्या लग्नाला होईल म्हणून उचलले, असे तो म्हणाला. "नायकसाहेब, आपण एका मुलखाची माणसे," असेही म्हणाला. मामांनी यंत्र उतरवून घेतले, वहीत नोंद केली आणि त्याच्या तुकडीकडे अहवाल धाडला. शत्रूच्या कैद्यासाठी दगड खाताना झाले नसतील इतके कष्ट आपल्याला ती चार ओळींची नोंद लिहिताना झाले, असे मामांनी मला सांगितले. ते यंत्र कोणा एका बाईचे होते आणि ती बाई कदाचित बनगावच्या रस्त्याने चिखलातून चालत गेली असेल, हा विचार त्यांच्या मनातून जात नव्हता.

कैद्यांना ट्रकने सरहद्दीपर्यंत आणि तिथून रेल्वेने भारतातील छावण्यांत नेण्यात आले. एका गाडीबरोबर मामा होते. नाताळची रात्र त्यांनी त्या गाडीच्या डब्यात, दाराशी बंदूक घेऊन काढली. आदल्या दिवशी मिस्सा मिळाली नव्हती. पथकात ख्रिस्ती असे ते एकटेच. त्यांनी खिशातली माळ काढून प्रार्थना म्हटली. समोरच्या बाकावरचा एक वयस्क कैदी ते पाहत होता. पहाटे गाडी एका स्थानकावर थांबली तेव्हा त्याने नमाजासाठी फलाटावर उतरण्याची परवानगी मागितली आणि मामांनी हवालदाराला विचारून ती दिली. कैद्याला आपल्या धर्माप्रमाणे उपासना करू द्यावी असे करारात आहेच. पण त्या पहाटे आपल्याला करार आठवला नव्हता, असे मामा म्हणत.

छावण्यांतील जीवनाचेही नियम ठरलेले. कैद्याला घरी पोहोचल्याचे कार्ड पाठवता आले पाहिजे, महिन्याला निदान दोन पत्रे आणि चार कार्डे लिहिता आली पाहिजेत. जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला तरी कैद्यांचा प्रश्न सुटला नाही. २८ ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारानंतर ते माघारी जाऊ लागले आणि एप्रिल १९७४ अखेर शेवटची तुकडी वाघा सरहद्द ओलांडून गेली. त्यांच्यापैकी १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवावेत असे बांगलादेशाने ठरवले होते. ९ एप्रिल १९७४ रोजी तिन्ही देशांत करार झाला आणि तेही खटल्यावाचून परत गेले.

ही बातमी मामांनी वर्तमानपत्रात वाचली तेव्हा त्यांना तो म्हातारा आठवला. मी त्यांना एकदा विचारले, "मग तुमच्या त्या पहाऱ्याचा उपयोग काय झाला? ज्यांना तुम्ही वाचवलेत त्यांचा न्याय कोणी केलाच नाही." मामा बराच वेळ केळींकडे पाहत होते. मग म्हणाले, "पहारा माझे काम होते. न्याय दुसऱ्यांचे होते. त्यांनी आपले काम केले नाही म्हणून माझे काम खोटे ठरत नाही. त्या म्हाताऱ्याला मी एक माणूस काढून दिला असता, तर त्याला मिळाले असते ते सूडाचे माणूस, त्याच्या मुलांना मारणारे नव्हे."

या उत्तराने माझे समाधान पूर्णपणे झाले असे म्हणवत नाही. मारणाऱ्यांना कायद्याचे कवच मिळाले आणि मेलेल्यांना कायद्याचा दरवाजाही उघडला नाही, हा सल राहतोच. पण तो सल कवच देणाऱ्याच्या पदरात टाकता येणार नाही. ज्या समाजात कैदी जिवंत न्यायालयापर्यंत पोहोचूच शकत नाही तिथे न्यायाची शक्यताही उरत नाही. मामांनी ती शक्यता रस्त्याच्या शेवटापर्यंत पोहोचवली. पुढे ती इतरांच्या हातून निसटली.

त्यांच्या ट्रंकेत 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही दोन पदके निघाली. आघाडीवर गेलेल्या हजारो जवानांना ती मिळाली होती. त्यांत शौर्याचे पदक नव्हते. हात वर धरून उभे राहण्याला वेगळे पदक नसते. ८ मे २०२१ रोजी बंगळूरच्या केंद्रातून ८३ तरुणींची पहिली तुकडी लष्करी पोलिसांत दाखल झाल्याची बातमी मी वाचली तेव्हा वाटले, या मुलींना आता कवायत शिकवली असेल, कायदा शिकवला असेल, मोटारसायकल शिकवली असेल. पण खरा धडा त्यांना एखाद्या तिठ्यावरच मिळेल.

शत्रूसमोर उभे राहायला धैर्य लागते आणि ते धैर्य दाखवणाऱ्यांपुढे आपण नतमस्तक होतो, ते योग्यच आहे. आपल्याच माणसांसमोर, त्यांचे दुःख खरे आहे हे जाणूनही, हात वर करून "एवढे मात्र होणार नाही" असे म्हणायलाही तितकेच धैर्य लागते. त्याचे पोवाडे कोणी गात नाही. घरात, गावात, समाजात असा माणूस असतो तेव्हा आपण त्याला आडमुठा म्हणतो, किंवा नुसता ट्रॅफिकवाला म्हणतो. पण रात्रीच्या अंधारात सहा रुग्णवाहिका सुखरूप निघून जातात, त्या त्याच्यामुळे.